पहिल्यांदा डबलसीट नेताय? हेल्मेटची टक मोजा

आमचं लग्न ठरलं तेव्हा मला पल्सर चालवायला लागून नऊ वर्षं झाली होती आणि आपल्याला गाडी येते असं मला ठाम वाटायचं. (पुण्यात गाडी म्हणजे टू-व्हीलर, चार चाकं असली की ती कार, हे बाहेरून आलेल्यांसाठी.) मग एका रविवारी हिला मागे बसवून कोथरूडहून खडकवासल्याला नेलं, धरण दाखवलं, कणीस खाल्लं, सगळं छान. परत आल्यावर ही हेल्मेट काढता काढता म्हणाली, "एकतीस." मी म्हटलं काय एकतीस? तर म्हणे, "माझं हेल्मेट तुझ्या हेल्मेटला एकतीस वेळा आपटलं. कंटाळा आला म्हणून मोजत बसले."

मला त्यातल्या पाच-सहाच टका ऐकू आल्या होत्या.

तर सगळा मुद्दा तिथेच आहे. ब्रेक कधी लागणार, गिअर कधी पडणार हे तुम्हाला आधी माहीत असतं कारण हातपाय तुमचेच असतात, मागच्या माणसाला ते घडून गेल्यावर कळतं. तुम्ही रेस दिली की ती मागे जाते, गिअरसाठी रेस सोडली की पुढे येते आणि टक. म्हणजे हेल्मेटला हेल्मेट लागलं की समजायचं तुम्ही काहीतरी एकदम केलंय. मी तेव्हापासून हीच एक फूटपट्टी वापरतो, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं ती टक कमी करण्यासाठीच आहे असं धरून चाला.

आधी स्वतः मागे बसा

हे कुणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. एखाद्या मित्राला सांगा, मला मागे बसव आणि स्वारगेट ते कात्रज नेऊन आण, तेही तुझ्या नेहमीच्या स्टाइलमध्ये. मी गेलो होतो. समोर मित्राचं हेल्मेट सोडून काही दिसत नाही, स्पीडब्रेकर आला हे ढुंगणाला कळतं, आणि दोन गाड्यांच्या मधून तो गाडी घालतो तेव्हा त्याचं हँडल पार होतं पण माझे गुडघे बाहेर आलेले असतात ते रिक्षाला घासतात की काय या भीतीनं मी पाय आवळून बसलो होतो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की एकट्यानं जी गॅप दिसते ती डबलसीटला गॅप नसते.

कागदपत्रांचं पटकन

लर्निंग लायसन्स असेल तर डबलसीट घ्यायचंच नाही, शिकवणारा पक्कं लायसन्सवाला मागे असेल तेवढीच सूट आहे. हेल्मेट कायद्यानं दोघांनाही लागतं. आणि इन्शुरन्स काढून बघा जरा. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्या माणसाला लागलं तर विमा कंपनी बांधील नाही, सुप्रीम कोर्टानं हे २००८ सालीच सांगितलंय. फुल पॅकेज, ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, ती असेल तर तिच्यात मागचा माणूस धरलेला असतो. आपण दरवर्षी स्वस्तातली पॉलिसी बघून रिन्यू करतो आणि कोणती घेतली ते विसरून जातो, म्हणून म्हटलं.

आदल्या दिवशी गाडीचं काय बघायचं

गाडी दीडशे किलोच्या आसपास, आणि तुम्ही तिच्यावर आणखी पन्नास-साठ किलो ठेवताय. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो, म्हणजे असे दोन सिलिंडर मागच्या चाकाच्या डोक्यावर बांधल्यासारखं झालं, आणि वर हे सिलिंडर हलतात, वळून बघतात, खांद्यावर थाप मारून "ते बघ" म्हणतात. (ही उपमा तिला ऐकवू नका, मी ऐकवून बघितलीये.)

पहिलं हवा. पंपावर गेलं की तो पोरगा "किती?" विचारतो आणि आपण सवयीनं एकच आकडा सांगतो. पण मागच्या टायरचे आकडे दोन असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. माझ्या पल्सर १५० ला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांना चेनकव्हरवर किंवा आसपास स्टिकरही असतो. हवा टायर गार असताना भरायची, म्हणजे घराजवळच्याच पंपावर, दहा किलोमीटर चालवून तापल्यावर नाही. मागे हवा कमी असली तर गाडी वळणावर लोण्यावरून गेल्यासारखी डुलते आणि तुम्हाला वाटतं मागची हलतेय.

मग शॉकॲब्सॉर्बर. मागच्या दोन्ही शॉकला खाली किंवा वर खाचा असलेली रिंग असते, बहुतेक साध्या गाड्यांना पाच खाचा. टूलकिटमध्ये अर्धगोल हूक असलेला एक पाना असतो जो कुणी कधी बाहेर काढलेला नसतो, तो याच्यासाठी असतो. शोरूममधून गाडी येते ती बहुतेक वेळा मऊ सेटिंगवर, आणि आपण वर्षानुवर्षं तशीच चालवतो. डबलसीटला एक-दोन खाचा कडक करून घ्या. दोन्ही बाजूंना सारख्या, हे महत्त्वाचं, डावीकडे तिसरी आणि उजवीकडे दुसरी असं करू नका. जमत नसेल तर गॅरेजवाल्याला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. हे नाही केलं तर खड्ड्यात शॉक पूर्ण बसतो आणि धाडकन जो आवाज येतो तो तिच्या मणक्यात जातो, तुमच्या नाही, कारण तुम्ही दोन्ही चाकांच्या मधे बसलेले असता आणि ती जवळपास मागच्या चाकावर.

चेन फार ढिली असेल तर रेस देता-सोडताना खट् असा हिसका बसतो, ती नीट करून घ्या. ब्रेक बघा. रात्री जाणार असाल तर तिला बसवून हेडलाइट भिंतीवर मारून बघा, मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, मग सगळे तुम्हाला डिपर देत राहतात आणि तुम्ही त्यांना शिव्या. आणि हो, मागचे फूटरेस्ट उघडतात का बघा. हसू नका. माझ्या गाडीचे नऊ वर्षांत एकदाही उघडले नव्हते, चिखलानं जाम झाले होते, पहिल्या दिवशी ती बसायला आली आणि मी रस्त्यात खाली बसून चपलेनं ठोकत होतो.

कपडे आणि हेल्मेट

तिचं हेल्मेट तिच्या मापाचं हवं, आयएसआय मार्कचं हवं. तुमचं जुनं, आतला फोम बसलेलं, डोक्यावर भोपळ्यासारखं फिरणारं हेल्मेट तिला देऊ नका. पट्टा लावून हेल्मेट हातानं डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं होतंय. हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झालेलं शहर आहे आपलं, मला माहितीये, मान दुखते, केस गळतात, कोपऱ्यापर्यंतच जायचंय, सगळं ऐकलंय. घाला.

पुण्याच्या मुलींना स्कार्फ बांधायला शिकवायची माझी लायकी नाही, फक्त त्याची टोकं जॅकेटच्या आत गेली पाहिजेत. ओढणी तर अजिबात मोकळी नको, घडी करून डिकीत किंवा बॅगेत, नाहीतर तिरकी घेऊन कमरेला घट्ट गाठ. साडीगार्ड आहे म्हणून ओढणी चाकात जात नाही असं नसतं, ते डाव्या बाजूला असतं, ओढणी वाऱ्यानं कुठेही जाते. पायात बूट, चप्पल फूटरेस्टवरून सटकते. फुल पँट, कारण सायलेन्सर. बऱ्याच गाड्यांचा उजवीकडे असतो आणि पोटरीला त्याचा जो चटका बसतो त्याचा डाग वर्षभर जात नाही.

एका बाजूला पाय टाकून बसण्याबद्दल: आपल्या आया-मावश्या आयुष्यभर तशा बसल्या हे खरं आहे, पण पहिल्या राइडला नाही. सगळं वजन एका कडेला येतं, चालवणाऱ्याचीही पहिलीच वेळ, ब्रेक मारला तर तिला धरायला मांड्यांचा आधार नाही. साडी नेसून लग्नाला जायचं असेल तर रिक्षा करा सरळ.

चढायचं, उतरायचं

गाडी पडते ती चालताना कमी, चढता-उतरताना जास्त. आमचीही तशीच पडली. पाषाणला चहाला थांबलो, माझा एकच पाय खाली होता, दुसरा अजून ब्रेकवर, आणि ही उत्साहात डाव्या फूटरेस्टवर उभी राहून उतरायला लागली. गाडी डावीकडे कलली, मी धरायचा प्रयत्न केला, पण एका हद्दीनंतर ते वजन धरता येत नाही, म्हैस बसते तशी हळूहळू बसली. लेगगार्डमुळे पाय वाचला, इंडिकेटर गेला, आणि अमृततुल्यच्या समोर उभ्या असलेल्या दहा-बारा लोकांनी बघितलं त्याचं काय ते वेगळंच.

त्यामुळे आता आमचा नियम असा. मी आधी बसतो, साइड स्टँड वर घेतो, दोन्ही पाय जमिनीवर पसरून घट्ट रोवतो, पुढचा ब्रेक दाबून धरतो. मग ती विचारते "बसू?" आणि मी "हां" म्हटल्याशिवाय ती गाडीला हात लावत नाही. डावीकडून येते, डावा हात माझ्या खांद्यावर. उंच माणसाला जमिनीवरूनच पाय पलीकडे टाकता येतो, ते सगळ्यात बरं. नाही जमलं तर डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन, पण अंग गाडीला चिकटवून, लांब लटकत नाही, आणि तेवढ्या वेळात मी थोडं उजवीकडे वजन देतो. उतरतानाही तेच, "उतरू?", "हां". तिनं खाली उतरून दोन पावलं बाजूला झाल्यावरच मी हलतो. आणि सिग्नलला तिचे पाय फूटरेस्टवरच, खाली टेकवून तुम्हाला मदत करायची गरज नाही, ती मदत होत नाही.

हात कुठे, आणि बोलायचं कसं

खांदे धरू देऊ नका. खांद्यावर जोर आला की तो हातात येतो, हातातून हँडलमध्ये, आणि गाडी उगाच डुलते. एक हात तुमच्या कमरेला आणि एक मागच्या हँडलला, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. रेस दिली तर मागचा हात धरतो, ब्रेक लागला तर पुढचा. उतारावर किंवा जोरात ब्रेक लागला तर तिनं एक तळवा पेट्रोलच्या टाकीवर टेकवायचा, म्हणजे तिचं वजन तुमच्या पाठीवर आणि तुमच्या मनगटांवर येत नाही. गुडघ्यांनी तुम्हाला हलकं दाबून धरलं की अर्धं काम होतं.

वळणावर तिनं काय करायचं? काही नाही. गाडी ज्या बाजूला वळतेय त्या बाजूच्या खांद्यावरून समोर बघायचं, डावीकडे वळताना तुमच्या डाव्या खांद्यावरून. नजर तिकडे गेली की अंग आपोआप तेवढंच कलतं. "तू पण झुक" असं सांगू नका, नवीन माणूस जास्तच झुकतो, किंवा घाबरून उलट्या बाजूला सरळ होतो आणि मग गाडी वळायलाच तयार होत नाही.

चालत्या गाडीवर हेल्मेटमधून गप्पा होत नाहीत, "काय?" "अरे काय?" करत तुम्ही मान मागे वळवता आणि तेवढ्यात समोर रिक्षा. त्यामुळे निघायच्या आधी खुणा ठरवा. आमच्या दोनच आहेत, मांडीवर एक थाप म्हणजे हळू, सलग थापा म्हणजे थांब. आणि थांब म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. एकदा तिच्या हेल्मेटमध्ये माशी गेली होती.

आता चालवायचं

पहिली पाच मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मागच्या गल्लीत. सुटायचं, थांबायचं, सुटायचं, थांबायचं. दोघांना मिळून गाडीचं वजन कळतं.

क्लच नेहमीपेक्षा हळू सोडा, थोडी जास्त रेस लागेल. गिअर टाकताना रेस एकदम शून्य करू नका, जरा सोडा, गिअर टाका, क्लच सोडता सोडता परत रेस भरा, यात अंतर पडलं की टक. खरं सांगायचं तर माझ्या एकतीसपैकी निम्म्या टका फर्स्टवरून सेकंडला जातानाच्या असणार, कारण पुण्यात आपण दिवसभर तेवढंच करत असतो.

ब्रेकचं तंत्र थोडं बदलतं. मागे वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त कामाचा होतो, त्यामुळे आधी मागचा हलका लावून गाडी बसू द्यायची आणि मग पुढचा हळूहळू दाबत न्यायचा, आणि पूर्ण थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल करायचा, म्हणजे तो शेवटचा गचका बसत नाही. हा शेवटचा भाग करून बघाच, पाणी भरलेली बाटली पुढे ठेवल्यासारखं चालवा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आहे, त्यामुळे निदान पुढचं चाक लॉक होणार नाही, पण गचका एबीएस वाचवत नाही.

गाडी थांबायला जागा जास्त लागते. पुढच्या गाडीनं एखादा खांब ओलांडला की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा, तोपर्यंत तुम्ही खांबाशी पोचता कामा नये. तुम्ही एवढी जागा सोडली की तिथे कोणीतरी घुसणार, हे पुणं आहे. घुसू दे. परत मागे व्हा.

स्पीडब्रेकरवर आपल्याकडे पट्टे असतीलच असं नाही, आकारही कारागिराच्या मनावर. आधीच वेग कमी करून, ब्रेक पूर्ण सोडून मगच चढवा, ब्रेक दाबलेला असताना चढवला तर पुढचा शॉक आधीच बसलेला असतो आणि दणका दुप्पट. मोठा दिसला तर तिच्या गुडघ्यावर हात मारा, ती फूटरेस्टवर जरा वजन घेते, मणका वाचतो. चढावर थांबायला लागलं तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, क्लच पकडेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही, डबलसीटला गाडी मागे सरकली की धरता येत नाही.

आणि पहिल्या दिवशी फिल्टरिंग, म्हणजे गाड्यांच्या मधल्या फटीतून घुसणं, बंद. बस आणि दुभाजक यांच्यामधली ती फट तुमची नाही, तिच्या गुडघ्यांचा विचार करा.

जायचं कुठे

पहिल्यांदा वीस मिनिटं जायचं, चहा, वीस मिनिटं परत. रविवारी सकाळी सात वाजता. आता मला परत करायचं झालं तर मी कोथरूडहून सेनापती बापट रोड, तिथे हलका चढ-उतार आहे तेवढा सराव होतो, मग चतुःशृंगी, विद्यापीठ चौक आणि एनसीएलवरून पाषाण रोड, झाडं आहेत, सावली आहे. चांदणी चौकातून परत येऊ नका, तिथे रॅम्प चुकला की तुम्ही भलतीकडेच निघता आणि मग ही मागून विचारते "रस्ता माहितीये ना तुला?"

सिंहगड पहिल्या दिवशी नको. सगळ्यांना तेच सुचतं, पिठलं-भाकरी, दही, फोटो, पण घाट अरुंद आहे, वळणं चढाची आहेत, आणि रविवारी समोरून गाड्यांची रांग, अशात चढावर अर्ध्या क्लचवर उभं राहायचं म्हणजे नवख्याची परीक्षाच. चौथ्या-पाचव्या वेळी जा, मधल्या वारी पहाटे जा, आणि उतरताना सेकंड गिअरमध्ये इंजिनवर उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतारही टाळा, मागून लोड गाड्या येतात आणि तिथं काय काय होतं ते आपण पेपरात वाचतोच. मुंबईला जायचं डोक्यात असेल तर एक्सप्रेस-वेवर टू-व्हीलर चालत नाही, जुन्या हायवेनं जावं लागतं, आणि तो विचारही सहा महिन्यांनी.

पावसाळ्यात पहिली राइड नको. पांढरे पट्टे, कामांच्या लोखंडी प्लेटा, सांडलेलं डिझेल, एकट्याला जे सावरता येतं ते दोघांना नाही.

परत आल्यावर

"मजा आली ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" येतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. विचारा, सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली? हिनं मला पहिल्यांदा जागा सांगितली ती मला आठवतही नव्हती, नळ स्टॉपजवळ मी एका पीएमपीला डावीकडून काढलं होतं. माझ्यासाठी रोजचं. तिच्या बाजूनं बसचं चाक तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, हातभर अंतरावर फिरत होतं. त्यानंतर मी बस डावीकडून काढलेली नाही, एकटा असलो तरी.

परवा ताम्हिणीला जाऊन आलो. आठ. त्यातल्या पाच टका खड्ड्यांच्या होत्या असं माझं म्हणणं आहे, ती मानत नाही.